दारू सोडवायची आहे, गाव चांदवड तालुक्यात: पहिला आठवडा कुठे काढायचा आणि पुढे काय?

सीआरपी_चांदवड

नमस्कार. मी बचत गटांची कार्यकर्ती (सीआरपी) आहे. तालुक्यातल्या तीन बचत गटांमधल्या बायकांचे प्रश्न एकत्र करून लिहिते आहे. कोणाचंही नाव देत नाही, पण नेमकं उत्तर मिळावं म्हणून परिस्थिती सांगते.

एकूण पाच पुरुष, वय ३० ते ५५. कामं द्राक्षबागेतली आणि कांद्याची. रोज दोन ते तीन क्वार्टर देशी. दोघांना पहाटे उठल्याबरोबर उतारा लागतो, नाहीतर चहाची बशीसुद्धा हातात धरवत नाही. एकाला मागे दारू बंद केली तेव्हा फिट आली होती. एक जण दारूबरोबर मालेगावकडून येणाऱ्या गोळ्याही खातो.

१. गावातल्या दवाखान्यात तीन-चार दिवस सलाइन लावून दारू बंद करता येते का?
२. यातले दोघे आषाढीला माळ घालणार आहेत आणि त्याच दिवशी सोडणार आहेत. मनापासून ठरवलंय. मग औषधांची गरज आहे का?
३. नाशिकला नेमकं कुठे जायचं? खासगी केंद्र चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?
४. एक जण यायलाच तयार नाही. उचलून नेणारी माणसं मिळतात म्हणे. तसं करावं का?
५. चहातून न सांगता द्यायची पावडर किंवा गोळी चालते का?
६. परत आल्यावर गावात तेच गुत्ते, तेच मित्र. तेव्हा काय करायचं?

वॉर्ड_रात्रपाळी (मानसोपचार विभागात परिचारिका)

ताई, दुसरा प्रश्न आधी घेते. त्यात जिवाचा धोका आहे.

माळ जरूर घालू द्या. माळेने दारू सुटलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्या निश्चयाचा उपचारालाही फायदा होतो. पण रोज दोन-तीन क्वार्टर पिणाऱ्याने एकादशीला सकाळी एकदम बंद केली, तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊ शकतो. म्हणून माळेची तारीख आधी डॉक्टरांना सांगा. उपचार आठ-दहा दिवस आधी सुरू केले, तर एकादशीला माणूस शुद्धीत, पायावर उभा राहून माळ घालेल.

हे का होतं तेही घरच्यांना समजावून सांगा, नाहीतर "नाटकं करतोय" असं वाटतं. दारू मेंदूचं काम मंद करते. वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर मेंदू त्या दाबाविरुद्ध सतत उलटा जोर लावायला शिकतो. दारू अचानक काढली की दाब जातो, जोर मात्र तसाच राहतो. थरथर, घाम, फिट, भास हे सगळं त्यातून येतं. मनाच्या कमकुवतपणाशी याचा काही संबंध नाही.

प्रमाणही लक्षात घ्या. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के दारू असते, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तीन क्वार्टर म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम. एवढ्यावरून एकदम शून्यावर येणं शरीराला सोपं नाही.

घड्याळ शेवटच्या घोटापासून लावा:

६ ते २४ तास: हाताला थरथर, घाम, मळमळ, धडधड, झोप नाही.
६ ते ४८ तास: फिट येण्याचा काळ. थरथर फारशी नसतानाही येऊ शकते.
१२ ते ४८ तास: भास. अंगावर किडे फिरतात, कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं.
४८ ते ९६ तास: यात कधी कधी डेलिरियम होतो. माणूस घरच्यांना ओळखत नाही, दिवस-रात्र कळत नाही, ताप येतो, नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो. यावर उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो.

घरचे फसतात ते इथेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थरथर थोडी कमी होते, "निभावलं" असं वाटतं आणि तिसऱ्या रात्री गोंधळ सुरू होतो. दारू बंद करण्याचे प्रत्येक वेळचे त्रासही वाढत जातात. ज्यांना मागे फिट आली, त्यांना या वेळी ती येण्याची शक्यता जास्त आहे.

तुमच्या पाचांपैकी निदान चौघांना, म्हणजे पूर्वी फिट आलेल्याला, पहाटे उतारा लागणाऱ्या दोघांना आणि गोळ्या खाणाऱ्याला, घरी ठेवून बंद करू नका. भरतीच लागेल. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, साठीपुढचं वय, जीव द्यायची भाषा, घरात दुसरं शुद्धीतलं माणूस नसणं, यातलं एकही असेल तरी भरतीच. पाचव्याचं घरून होऊ शकेल, पण डॉक्टर रोज बघणार असतील, गोळ्या घरच्यांच्या ताब्यात असतील आणि गाडी दारात असेल तरच.

आता सलाइन. सलाइनने पाणी भरून निघतं, फिट थांबत नाही. शिवाय गावात बहुतेकदा ग्लुकोजची बाटली लावतात. जास्त पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, फार कमी उरलेलं असतं. ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं, त्यामुळे उरलंसुरलं संपतं आणि मेंदूला इजा होते. नजर स्थिर राहत नाही, चालताना तोल जातो, गोंधळ होतो. वेळीच थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बाटली लावण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टर, थायमिनचं इंजेक्शन दिलं का?" साखर फारच उतरली असेल तर डॉक्टर दोन्ही एकदमच देतात, ते बरोबर आहे. नुसतं ग्लुकोज नको.

फिट आणि भ्रम टाळणारी मुख्य औषधं म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या एक-दोन दिवसांत डोस जास्त असतो, मग रोज कमी करत सात ते दहा दिवसांत बंद होतो. घरी दोन चुका होतात. "नुसता झोपून राहतो" म्हणून तिसऱ्या दिवशी घरचेच गोळ्या बंद करतात आणि फिट येते. किंवा गोळ्या चालू असताना तो बाहेर जाऊन पितो आणि श्वास मंदावतो. दुसरी चूक पहिल्यापेक्षा भयंकर आहे.

भरतीची तारीख मिळेपर्यंत "आजपासून बंद" असा हट्ट धरू नका. आहे त्यापेक्षा वाढू द्यायची नाही, जमेल तसं हळूहळू कमी करायचं, पोटात अन्न ठेवायचं.

आणि फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

समाजसेवा_अधीक्षक

तिसऱ्या प्रश्नावर.

घरातून निघण्याआधी फोन करा. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा क्रमांक. त्यावर अनुदानित केंद्रांची माहिती विचारा. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर संस्था चालवतात ती केंद्रं खासगीपेक्षा वेगळी असतात. फोनवर तीनच गोष्टी विचारा: आज खाट आहे का, पहिल्या आठवड्यात डॉक्टर रोज बघतात का, सोबत कोणी राहायचं का.

पहिली पायरी चांदवडचं उपजिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. तिथे हिमोग्लोबिन, साखर, यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या, जे तिथे होत असेल ते. संदर्भ चिठ्ठी घ्या. हे कागद हातात असले की नाशिकला पहिला दिवस नुसत्या तपासण्यांत जात नाही.

नाशिकला जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्र्यंबक रोडला आहे. ठक्कर बाजार बसस्थानकावर उतरलात तर जवळ पडतं. मानसोपचार ओपीडीला सकाळीच पोहोचा. दुपारी गेलात तर परत यावं लागतं आणि ज्याचे हात थरथरताहेत तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही. चांदवडहून येताना आडगावला महामार्गालगतच डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय लागतं, तिथेही मानसोपचार विभाग आहे. यकृत, पोट, हृदय यातलं काही बिघडलं असेल तर वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं, कारण सगळे विभाग एका आवारात असतात. रात्री-अपरात्री फिट किंवा भ्रम झाला तर मात्र नाशिकचाच आग्रह धरू नका. चांदवडहून मालेगाव नाशिकपेक्षा जवळ आहे. १०८ जिथे नेईल तिथे आधी जीव सांभाळा, मानसोपचार नंतर बघू.

सोबत काय न्यायचं: आधार, रेशनकार्ड, जुने कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि एका चिठ्ठीवर शेवटचं कधी प्यायला, रोज किती, मागे फिट आली होती का. बरोबर दोन माणसं हवीत. एक रांगेत, एक त्याच्याजवळ. एकटं सोडलं की तो "चहा घेऊन येतो" म्हणून जातो.

आता खासगी केंद्र. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे आजार मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळे त्यांना भरती करून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. धर्मादाय नोंदणी दाखवतील, ती वेगळी. नोंदणी प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा, तारीख वाचा. मग विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री परिचारिका असते का? पहिल्या ७२ तासांत फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? नातेवाइकांशी बोलू देता का? उत्तरं देताना टाळाटाळ झाली तर उठून या.

"सहा महिन्यांचे पैसे आधी भरा, तीन महिने भेटायचं नाही" असं सांगणाऱ्या ठिकाणी माणूस ठेवू नका. बंद कुलपाआड मारहाण झाली तरी तीन महिने कोणाला कळणार नाही. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. स्वयंपाक, झाडलोट थोडी वाटून घेणं वेगळं, पण दिवसभर राबवून घेत असतील तर तो उपचार नाही.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. तिथला निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा, स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. लांब पडतं, पण गावापासून लांब राहिल्याने काहींचा फायदा होतो. जाण्याआधी फोनवर जागा आणि सोबत काय आणायचं ते विचारा. आणि शरीर फार बिघडलेलं असेल तर कुठल्याही केंद्राआधी रुग्णालय.

औषधालय_निफाड (फार्मासिस्ट)

पाचव्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि हे गटातल्या प्रत्येक बाईला सांगा.

न सांगता द्यायच्या गोळीत बहुतेकदा डायसल्फिराम असतं. पावडरीत काय आहे हे तर विकणाराही सांगू शकत नाही. डायसल्फिराम दारू यकृतात अर्धवट मोडलेल्या अवस्थेत अडकवतं. चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर मृत्यूही येतो. माणसाला माहीत नसेल तर तो त्रास घालवायला आणखी पितो. शिवाय एकदा कळलं की घरच्या हातचं जेवण, चहा, खरं औषध, कशावरच त्याचा विश्वास राहत नाही.

तेच डायसल्फिराम माणसाच्या संमतीने, तपासण्या करून, रोज सकाळी घरच्या कोणासमोर घेतलं तर काहींना खूप उपयोगी पडतं. अटी अशा: शेवटच्या दारूनंतर निदान १२ तास, प्रत्यक्षात डॉक्टर त्याहून जास्त थांबतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूवर प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणजे "आज गोळी घेतली नाही, उद्या लग्नात घेतो" हा हिशोब जीवघेणा. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब आणि आपल्याकडे विसरलं जातं ते म्हणजे आसव-अरिष्ट (दशमूलारिष्ट, कुमारी आसव), हे सगळं टाळायचं. आसव-अरिष्टांत आंबवून तयार झालेलं अल्कोहोल असतं. जुलाब थांबवायला देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळीही डायसल्फिरामबरोबर चालत नाही.

तलफ कमी करणारी औषधं वेगळी. नालट्रेक्सोन ५० मिग्रॅ, दिवसातून एक. पहिला आठवडा मळमळतं, जेवणानंतर घ्यायची. ही चालू असताना ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं काम करत नाहीत, म्हणून खिशात चिठ्ठी ठेवा, अपघात झाला तर डॉक्टरला कळेल. अकॅम्प्रोसेट ३३३ मिग्रॅच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा. मूत्रपिंड ठीक असेल तरच. शेतात काम करणाऱ्याची दुपारची गोळी हमखास चुकते, डब्यात बांधून द्या. यकृत फार खराब असेल तर डॉक्टर कधी बॅक्लोफेन देतात, त्याने झोप येते, ट्रॅक्टर चालवताना जपायचं.

क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम ही शेड्यूल एच१ मधली औषधं. मूळ चिठ्ठी लागते, दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहावा लागतो. मोबाइलवरचा फोटो दाखवून मिळणार नाही आणि सगळ्या दुकानांत साठा नसतो. नाशिकहून निघतानाच पूर्ण कोर्स घ्या.

आता त्या गोळ्यांबद्दल. मालेगाव भागात 'कुत्ता गोळी' म्हणतात ती बहुतेकदा अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता आणि झोपेसाठीचं औषध. तीही एकदम बंद केली तर फिट येते, आणि दारूपेक्षा उशिरा, काही दिवसांनीही येऊ शकते. दारूवरचा सात दिवसांचा कोर्स त्याला पुरत नाही. गोळीचा डोस आठवडे, कधी महिने लावून उतरवावा लागतो. डॉक्टरांना गोळीचं न सांगणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण मग दारूचा कोर्स संपल्यावर फिट येते आणि "उपचारच चुकले" असं वाटतं. पाकीट असेल तर घेऊन जा. ताडी पिणाऱ्यांबाबतही हे सांगा, ताडीत झोपेचं औषध मिसळल्याचे प्रकार पकडले गेले आहेत.

बागायत_सल्ला

औषधालय यांनी सांगितलेल्यात शेतीची भर घालतो. डॉक्टर हे विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात. हे रसायन अंगात गेलं असताना दारू घेतली तर डायसल्फिरामसारखीच प्रतिक्रिया येते: चेहरा लाल, दम लागणं, धडधड, चक्कर. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढे निदान आठवडाभर दारूचा थेंब नको. पिणाऱ्या मजुराला त्या कामावर ठेवूच नये. हातमोजे घातले तरी बाही ओली होते.

कांद्याच्या बियाण्याला चोळतात ते थायरम हे बुरशीनाशक रसायनाच्या दृष्टीने डायसल्फिरामचं सख्खं भावंड आहे. उघड्या हाताने चोळून संध्याकाळी प्यायलं की तोच त्रास. अशा माणसाला दवाखान्यात नेलं तर हृदयविकार की ॲलर्जी यात वेळ जातो. "आज पेस्टिंग केलं होतं" एवढं एक वाक्य सांगा.

आणखी एक. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत मन फार खचतं. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. पेटीला कुलूप, किल्ली दुसऱ्याकडे, शक्य असेल तर पेटीच शेजाऱ्याकडे.

सीआरपी_चांदवड

खूप आभार. पेस्टिंगचं आजच गटात सांगितलं, दोघींनी हा त्रास घरात पाहिला आहे असं लगेच म्हणाल्या.

चौथा प्रश्न राहिला. जो तयार नाही त्याच्या घरी मारहाणही होते. बायको म्हणते, उचलून नेलं तरी चालेल.

कायदा_सहाय्य

ताई, आधी त्या बाईंची सुरक्षितता. मारहाण चालू असेल तर ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. नवऱ्यावर उपचार सुरू आहेत म्हणून हा हक्क थांबत नाही.

उचलून नेणं. केंद्राची चार माणसं रात्री गाडी घेऊन येतात, हात बांधून नेतात, हे बेकायदेशीर आहे. वाटेत फिट आली तर गाडीत डॉक्टर नसतो.

कायद्याने इच्छेविरुद्ध भरतीचा मार्ग आहे, पण अरुंद. २०१७ च्या कायद्याचं कलम ८९. दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं. स्वतःला इजा करण्याचा धोका, इतरांवर हिंसा, किंवा स्वतःची काळजी घेताच न येणं, यातलं काहीतरी गंभीर असावं. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे रुग्णाने नेमलेल्या किंवा कोणी नेमलं नसेल तर जवळच्या नातेवाइकाने, करायचा. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. केवळ "रोज पितो" एवढ्यावर ही भरती होत नाही. भ्रमात असलेला, जीव द्यायला निघालेला, कोयता घेऊन धावणारा माणूस यात बसू शकतो.

स्वेच्छेने भरती झालेला माणूस स्वतःहून घरी जायला मागू शकतो. धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी २४ तास थांबवू शकतात. म्हणून "सही केली, आता तीन महिने सुटका नाही" असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. केंद्राविरुद्ध तक्रार पुनरावलोकन मंडळाकडे करता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मंगळवार_मीटिंग (व्यसनी कुटुंबांबरोबर समुपदेशन)

तयार नसलेल्या माणसाशी बोलायची वेळ निवडली तर बराच फरक पडतो. प्यायलेला असताना एक शब्दही नाही. सकाळचा उतारा घेऊन थोडा स्थिर झाला की, किंवा काहीतरी अंगाशी आल्यानंतरच्या दिवशी. एकाच माणसाने बोलायचं, त्याचं ज्याच्याशी बरं आहे त्याने. भावकी गोळा करून बैठक घेऊ नका, चारचौघांत मान खाली गेली की तो गुत्त्यावरच जातो. "तू दारुडा आहेस" ऐवजी "परवा रात्री तू ओट्यावर पडलास, पोरगी रडत होती". घडलेलं तेवढंच. आणि एकच छोटी मागणी: "फक्त रक्त तपासायला चल." दारू सोडायची अट तिथे घालू नका. यकृताचा अहवाल डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की पुष्कळ जण पुढचं पाऊल स्वतः टाकतात. तो "बरं" म्हणेल त्या तासाला निघता आलं पाहिजे, म्हणून पिशवी आणि गाडीभाडं तयार ठेवा. दुसऱ्या दिवसावर गेलं की बहुतेकदा हुकतं.

तो येवो न येवो, बायकोने यावं. तिच्यासाठी अल-ॲनॉन हा कुटुंबियांचा गट असतो. त्याची उधारी फेडणं, मालकाला "तब्येत बरी नाही" म्हणून खोटं सांगणं, हे थांबवायला तिला आधार लागतो.

परत आल्यावरचं. पहिले ९० दिवस सगळ्यात नाजूक. ओपीडीच्या तारखा साधारण आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. किमान वर्षभर. बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या महिन्यात औषध बंद होतं आणि चौथ्यात घसरण, हे फार वेळा दिसतं. तारखेला मजुरी बुडते, म्हणून दोन-तीन कुटुंबांनी एकच वार मागून घ्या आणि एका गाडीने जा.

गावात धोक्याचे दिवस ठरलेले असतात: कांद्याची पट्टी हातात येते तो दिवस, पोळा, हळदीची रात्र, चांदवडची नवरात्रातली यात्रा, निवडणूक. कॅलेंडरवर खुणा करा आणि त्या संध्याकाळी तो कुठे, कोणाबरोबर असेल ते आधी ठरवा. पट्टीचे पैसे बायकोच्या किंवा संयुक्त खात्यात. जिथे मजुरीचा भाग म्हणून संध्याकाळी बाटली देतात ते काम पहिलं वर्ष नको, दोन पैसे कमी मिळाले तरी.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा नाशिकमध्ये होतात, फी नाही, नाव सांगावं लागत नाही, फक्त पिणं थांबवायची इच्छा हवी. रोज नाशिक शक्य नाही, तर फोनवरच्या मराठी मीटिंगा आहेत. दोन-तीन सोडलेली माणसं मिळाली की गावातही गट सुरू करता येतो. शाळेची खोली किंवा समाजमंदिर, ठरलेला वार, ठरलेली वेळ. गुत्त्याची वेळ असते तीच ठेवा, सात ते आठ. तुमच्या पाचांतून हे व्हावं अशी फार इच्छा आहे. माळ घातलेल्यांचा हरिपाठ याच वेळेला असेल तर उत्तमच, पण औषधं आणि ओपीडी त्याबरोबर चालू.

आणि तो एकदा प्यायलाच तर? त्याच दिवशी फोन, त्याच आठवड्यात ओपीडी. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर थेट रुग्णालय. एका दिवसाच्या घसरणीनंतर पुन्हा लवकर उभं राहता येतं. लपवून महिना गेला तर पुन्हा भरती आणि पुन्हा फिटचा धोका.

सीआरपी_चांदवड

पूर्वी फिट आलेला आणि पहाटे पिणारा एक, असे दोघे सोमवारी यायला तयार झाले आहेत. प्रवासाचं विचारते. चांदवडहून निघाल्यावर नाशिकला नंबर लागेपर्यंत चार-पाच तास जातील. सकाळी प्यायला देऊ की नको?

वॉर्ड_रात्रपाळी

रविवारीच १४४१६ ला फोन करून दोघांचंही सांगा आणि हाच प्रश्न विचारून ठेवा. पहाटे उतारा लागतो त्याला उपाशी, कोरडा आणू नका. नेहमीचा सकाळचा घोट थांबवायची जागा बस नव्हे. नेहमीइतकंच, जास्त नाही, आणि किती वाजता किती घेतलं ते चिठ्ठीवर लिहा, कारण पहिली गोळी कधी द्यायची हे त्यावर ठरतं. फिट आलेल्याला एसटीने आणू नका, जीप करा, मागच्या सीटवर खिडकीशी नको, दोघांच्या मध्ये बसवा. पाणी, केळी, भाकरी बरोबर. दोघांनाही एकाच माणसाच्या भरवशावर सोडू नका. केसपेपर काढतानाच "मागे फिट आली होती" हे मोठ्याने सांगा, म्हणजे रांगेत थांबवणार नाहीत.